आंबिलीतली विठाबाई

माझ्या नवऱ्याचं नाव अनिरुद्ध. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, पण माघारी एकेरी. आम्ही तुळजापूरची माणसं. साक्षात देवीला एकेरीत हाक मारतो, तिथं नवऱ्याचं काय घेऊन बसलात.

अनिरुद्ध धाराशिवच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे, आणि कॉलेजला सुट्टी लागली की घरात शिमगा. त्यापेक्षा गीता परवडली. फळाची आशा धरू नका, असं तिथं आधीच सांगून टाकलंय. आमचं लग्न झालं तेव्हा हा तासिकेवर होता आणि डोक्यावरचे केस गेले तेव्हाही तासिकेवरच होता. संस्थेचे अध्यक्ष शिवराजअण्णा दर जूनमध्ये त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "यंदा तुमचं बघू." आणि यंदा कुणाचा तरी भाचा बघितला जायचा.

मी भूमी अभिलेख कार्यालयात कारकून आहे. दिवसभर माझ्या टेबलासमोर माणसं उभी असतात. भावानं नाव लावलं नाही, चुलत्यानं नाव उडवलं, शेजाऱ्यानं बांध कोरला. जमिनीच्या कागदावर आपलं नाव लागावं म्हणून लोक चपला झिजवतात. माझा नवरा मात्र गवताला नाव लावायला निघाला, ती ही गोष्ट.

येडशीला रामलिंगाच्या देवळामागून डोंगर चढून गेलं की वर पठार लागतं. अभयारण्याची हद्द संपली की पुढं नुसता माळ. भाद्रपदात तिथं गुडघ्याएवढं गवत असतं आणि त्यात नाना तऱ्हेची फुलं. अनिरुद्ध रविवारी तिथं जाऊन रांगतो. इतर बायकांचे नवरे रविवारी पत्ते कुटतात नाहीतर पितात, त्यामानानं माझं बरंच चाललंय म्हणायचं, फक्त त्याच्या पँटची कुसळं वेचता वेचता माझा सोमवार जातो. त्या रविवारी त्यानं मलाही नेलं. खाली देवळापाशी माकडांनी माझ्या पर्समधली बिस्किटं लुटली होती, त्यामुळं मी वर पोचले ती रागातच.

वर बिभीषण शेळ्या चारत होता. बिभीषण आणि त्याची बायको तारामती डोंगराखालच्या शेतात राहतात. शेत शिवराजअण्णांचं, शेळ्या यांच्या. त्या शेळ्यांच्या पलीकडं एक झाडांचा ताटवा उभा होता आणि अनिरुद्ध त्याच्यापुढं गुडघे टेकून बसला होता. मला वाटलं साप चावला.

झाड कमरेएवढं, सरळ. टोकाला छत्रीच्या काड्या पसराव्यात तशा काड्या, प्रत्येक काडीवर आणखी एक लहान छत्री, आणि तिच्यावर मोहरीएवढाली पांढरी फुलं. मी म्हटलं, "कोथिंबीर जून झालीय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याच्या आईला म्हातारी म्हटलंय.

"हे गाजराचं कुळ आहे," तो म्हणाला. "कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, सगळी एकमेकांची भावंडं. फुलं सगळ्यांची अशीच. पण याची पानं बघ. खालची गोल, मधली एवढी बारीक चिरलेली. अशी पानं कुठल्याच पुस्तकात नाहीत."

मग त्यानं बिभीषणला विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?"

"पांढरं फूल."

"ते दिसतंय. नाव काय?"

"नाव कशाला पायजे सायेब? त्याला कोन हाका मारतंय?"

"शेळ्या खातात का हे?"

"कवा खात्यात, कवा न्हाय. शेळीचं काय खरं सांगावं? परवा माजी वहाण खाल्ली."

अनिरुद्धनं हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग एका दगडावर माझ्याशेजारी बसून, घाम पुसत, हळू आवाजात म्हणाला की हे झाड नवीन असेल, म्हणजे शास्त्राला अजून माहीतच नसेल, तर त्याला तो माझं नाव देणार. चंद्रप्रभा, आणि पुढं लॅटिनचं शेपूट. मी म्हटलं, काहीतरीच. पण खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. नवऱ्यानं खास माझ्यासाठी केलेली एक वस्तू दाखवा म्हटलं तर माझ्याकडं मंगळसूत्र आहे, आणि तेही सासऱ्यांनी घडवलेलं.

पण माझं नाव त्या झाडावर आठवडाभरही टिकलं नाही. अनिरुद्ध प्राचार्यांपाशी बोलला, प्राचार्य अण्णांपाशी बोलले, आणि अण्णांनी त्याला बोलावून घेतलं.

"झाडाला माणसाचं नाव देता येतं म्हणे?"

"येतं, अण्णा."

"मग आमच्या मातोश्रींचं द्या."

अण्णांच्या मातोश्री विठाबाई देवाघरी गेल्यापासून जिल्ह्यात जास्तच वावरत होत्या. कॉलेजाला विठाबाई, वसतिगृहाला विठाबाई, व्यायामशाळेला आणि पेट्रोल पंपालाही विठाबाई. बाई हयातीत शेताबाहेर पडल्या नसतील, पण आता त्यांच्या नावानं डिझेल विकलं जात होतं. नाव द्यायचं राहिलं होतं ते एवढं गवतच.

"झाड नवीन निघू द्या," अण्णा म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमची ऑर्डर काढतो. कायम."

अनिरुद्धनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता. मी म्हटलं, "द्या की त्यांचं नाव. मला काय गवतावर बसून राज्य करायचंय?" मी कांदा चिरत होते, ते बरं झालं. डोळ्यांचं कारण सांगावं लागलं नाही.

आता झाड नवीन आहे हे सांगणार कोण? सोलापूरला डॉक्टर पंचाक्षरी म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आहेत. या एका कुळाच्या मागं त्यांनी जन्म घालवला. अनिरुद्धनं त्यांना फुलांचे फोटो पाठवले, वाळवलेल्या फांद्या पाठवल्या. त्यांचा फोन आला. आवाज इतका कोरडा की मला वाटलं तोही वाळवून ठेवलेला असावा.

"फुलं पाठवू नका. या कुळात फुलांवर विश्वास ठेवला तो बुडाला. फळ पिकू द्या. पिकलेलं फळ दाखवा, मग बोलू."

मग काय, फळ पिकायची वाट. दसरा गेला, दिवाळी गेली, अनिरुद्ध डोंगरावर. त्या ताटव्याभोवती त्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेळ्यांनी ते कुंपण आणि निम्मा ताटवा, दोन्ही खाल्लं. उरलेल्यातलं बरंच वाऱ्यानं झडलं. मार्गशीर्षात तो मूठभर फळं घेऊन घरी आला. फळं कसली, बारकं तपकिरी बी, ओव्याची थोरली बहीण. ती ठेवायला त्यानं माझी ओव्याची स्टीलची डबी रिकामी केली. घट्ट झाकणाची दुसरी डबी घरात नाही, असं त्याचं म्हणणं. ती डबी माझ्या लग्नात आलेली, तिच्यावर यंत्रानं कोरलंय, सौ. चंद्रप्रभा.

"हे जिभेला लावू नकोस हं," तो मला म्हणाला. मी त्याच वेळी आमटीला जिऱ्याची फोडणी देत होते. "या कुळात एक बहीण मसाल्याच्या डब्यात बसते आणि दुसरी माणूस मारते. ग्रीसमध्ये एका म्हाताऱ्या तत्त्वज्ञाला याच कुळातल्या झाडाचा रस पाजून मारलं होतं. ओळख पटेपर्यंत कुणावरही भरवसा ठेवायचा नाही."

मी ती डबी स्वयंपाकघरातून उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. माझी जबाबदारी तिथं संपली, हे पुढं लक्षात ठेवा.

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडं येळवस. त्या दिवशी धाराशिव-लातूरची बाजारपेठ ओस पडते, ऑफिसात पंखे सुद्धा फिरत नाहीत. ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांना आधी नैवेद्य. मग सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि बिंदगीतली, म्हणजे मातीच्या मडक्यातली, ताकाची आंबील. येळवशीला रिकाम्या हातानं जायचं नसतं. आणि कुणी काय आणलं हेही विचारायचं नसतं. पिशवी आली की बाया ती उघडतात आणि निघेल ते भज्जीत नाहीतर आंबिलीत जातं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय आणि आजवर कुणी मेलं नव्हतं.

अण्णांनी बेत आखला होता. मातोश्रींच्या शेतात, मातोश्रींच्या आवडत्या सणाला, मातोश्रींच्या झाडाची ओळख. डॉक्टर पंचाक्षरींना सोलापूरहून गाडी पाठवली. आम्ही मोटारसायकलवर गेलो. बघते तर कोपीवर फ्लेक्स लागलेला. एका बाजूला विठाबाईंचा फोटो, दुसऱ्या बाजूला अण्णांचा, मधोमध पांढरी फुलं. ती फुलं कोथिंबिरीची होती. फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवर मिळालं ते टाकलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत, "विठाबाई वनस्पतीचा लोकार्पण सोहळा". फळाची ओळख अजून पटायची होती आणि झाडाचं लोकार्पण छापून आलं होतं. आमच्या ऑफिसातही फेरफार इतक्या लवकर होत नाही.

आम्ही तुरीच्या शेंगा आणि मेथी नेली होती. अनिरुद्धच्या बॅगेत लेन्स, चिमटे, पुस्तकं अशा खडखडणाऱ्या वस्तू, म्हणून फळांची डबी त्यानं आपल्या हातानं भाजीच्या पिशवीत, मऊ मेथीवर ठेवली. मला हे माहीत नव्हतं. मला माहीत असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

उतरल्या उतरल्या तारामतीनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मी वाकून पांडवांना कुंकू लावलं. अण्णा पांढऱ्या कपड्यांत, फ्लेक्सखाली. डॉक्टर पंचाक्षरी आले. काठीसारखे बारीक, कोटाच्या खिशात भिंग, तोंडात नवी कवळी. अनिरुद्ध पुढं झाला तसे म्हणाले, "आधी आंबील. शास्त्र कुठं पळून जात नाही."

बिभीषण बिंदगी घेऊन शेताच्या कडेनं आंबील शिंपडून आला. पांडवांना द्रोण ठेवला. मग आम्ही पंगतीला बसलो. आंबील मी दोन ग्लास प्याले. अण्णा तांब्यानं पीत होते. पहिल्या घोटालाच त्यांनी डोळे मिटले.

"काय वास लागलाय आज आंबिलीला! तारामती, आईच्या हातची आठवण झाली गं."

"वहिनींनी ववा आनलाय," तारामती म्हणाली, "लसनासंगं वाटून घातलाय. चांगला लागतोय की."

मला वाटलं तिला मेथी म्हणायचंय. बायका कौतुक करत असल्या की मी दुरुस्ती करत नाही.

डॉक्टर पंचाक्षरींनी तिसऱ्यांदा ग्लास पुढं केला, मग तोंड पुसून म्हणाले, "हां, आता आणा तुमचं फळ."

अनिरुद्ध कोपीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात डबी होती, आणि ती स्वच्छ घासलेली होती.

"तारामतीबाई, यातलं..." त्यानं डबी तिच्यापुढं धरली.

"ववा? घातला की आंबिलीत. म्हनले न्हाय का मगाशी? डबीवर वहिनींचं नाव व्हतं, म्हनलं त्यांचाच आसल." आणि मग जरा तोऱ्यात, "राखेनं घासून ठिवली बगा डबी. रिकामी देऊ नये, म्हून जाताना उंडा घालून देनार व्हते."

मला हसू आलं. मग अनिरुद्धचं तोंड दिसलं आणि ग्रीसचा म्हातारा आठवला, आणि हसू गेलं. दोन ग्लास प्याले होते मी.

अण्णांना अजून काही उमगलं नव्हतं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, एवढं काय. डोंगरावर आणखी असेल."

"नाही अण्णा. सगळं झडलं. एवढंच होतं."

"मग फुलांवरून चालवून घ्या. डॉक्टर, तुम्ही एक सही केली की झालं. फ्लेक्स लागलाय, पत्रकार येणारेत. अनिरुद्धराव, तुमची ऑर्डर टाईप करून ठेवलीय मी."

डॉक्टर पंचाक्षरी भिंग पुसायला लागले. नाहीही म्हणाले नाहीत. तीन ग्लास आंबील पोटात असलेला माणूस यजमानाला चटकन नाही म्हणत नाही.

त्या क्षणी अनिरुद्धला गप्प बसता आलं असतं. ते फळ जहरी निघू शकतं हे, डॉक्टर सोडले तर, त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बहुधा काही झालंही नसतं. संध्याकाळी डॉक्टरांची सही, महिन्याभरात कायमची नोकरी, आणि आमच्या घरातला शिमगा कायमचा बंद. तो माझ्याकडं बघत होता. मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं की यानं गप्प बसावं, आणि हेही वाटत होतं की हा गप्प बसला तर उद्यापासून मी याच्या पँटचं एकही कुसळ काढणार नाही.

अण्णांनी पुन्हा तांब्या तोंडाला लावला. अनिरुद्धनं पुढं होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ओढूनच घेतला म्हणा. आंबील अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. येळवशीच्या दिवशी, भर पंगतीत, अध्यक्षांच्या तोंडचा तांब्या तासिकेवरच्या मास्तरनं हिसकावला. बिभीषणनं उंडा हातातच धरला.

"अण्णा, पिऊ नका. कुणीच पिऊ नका. हे झाड नवीन असेल, तर याचं फळ पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं हे जगात कुणालाच माहीत नाही. या कुळात जिरं आहे तसं जहरही आहे."

 मग अण्णा सावकाश म्हणाले, "पण तुम्हीच म्हणालात ना नवीन आहे?"

"म्हणालो होतो."

"मग जुनं करा."

"अण्णा, असं करता येत नाही."

"का येत नाही? गेले चार महिने नवीन करत होता तेव्हा येत होतं. आता जुनं करा. लगेच करा." अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. "माझ्या हाताला मुंग्या यायला लागल्यात."

"टेकून बसलात म्हणून," डॉक्टर पंचाक्षरी म्हणाले, पण त्यांनीही आपलं मनगट धरून नाडी बघितली.

मग एकच गोंधळ. तारामती म्हणाली, डबीवर लिवायचं तरी की, भाजीच्या पिशवीत औषिद कोन ठिवतं? बिभीषण म्हणाला, म्या तर तळाचं प्यालो, समदा गाळ माज्याच पोटात हाय. पांडव तेवढे निवांत होते. विष, लाक्षागृह, वनवास, सगळं पचवलेली माणसं ती, त्यांना एका द्रोणानं काय होणार.

अनिरुद्ध बिंदगीत हात घालून गाळ चाळत होता. लसूण आणि पीठ, दुसरं काही नाही. तारामतीनं बारीक वाटलं होतं. माझ्या नवऱ्याला मी देवापुढं सुद्धा काही मागताना पाहिलेलं नाही, पण त्या वेळी तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "जुनं असू दे. आई भवानी, साधं असू दे. कुठंही उगवणारं असू दे." चार महिने जे झाड नवीन निघावं म्हणून हा रात्री कूस बदलत होता, त्याच झाडासाठी. मला गलबलून आलं.

तेवढ्यात डॉक्टर पंचाक्षरी जागेवर उठून उभे राहिले. तोंड वेडंवाकडं केलं, जीभ टाळ्याला फिरवली, आणि दोन बोटं तोंडात घालून कवळी बाहेर काढली. नवी कवळी होती, बसायची होती अजून, तिच्याखाली काहीबाही अडकायचं. ती त्यांनी पालथी केली, चिमटा मागून घेतला, आणि टाळ्याच्या खाचेतून एक तपकिरी दाणा उचलला. पाट्यातून सुटलेला, अख्खा.

सगळी पंगत त्यांच्याभोवती. त्यांनी दाणा पाण्यानं धुतला, तळहातावर ठेवला, उन्हाकडं तोंड करून भिंग लावलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. नखानं आडवा कापला, पुन्हा बघितलं. मग ते बोलले.

कवळीशिवाय बोलले. कुणाला एक अक्षर कळलं नाही.

"दात घाला!" अण्णा ओरडले. "डॉक्टर, दात घाला आधी!"

डॉक्टरांना घाई कशाची नसते. त्यांनी पाणी मागितलं. कवळी धुतली, झटकली, रुमालानं पुसली, तोंडात बसवली, दोनदा चावून बघितली. बिभीषणनं तेवढ्यात रामलिंगाला नारळ बोलून टाकला.

"साधं आहे," डॉक्टर म्हणाले. "अगदी साधं. कडांच्या रेषा, ही बारीक लव, आतल्या तेलाच्या नळ्या. बडीशेपेच्या लांबच्या नात्यातलं. इंग्रज साहेबांनी केव्हाच नोंदलंय, सगळ्या डोंगरांवर असतं. विषारी नाही. मला पहिल्याच घोटाला संशय आला होता, पण शास्त्रात जिभेची साक्ष धरत नाहीत."

"आणि पानं?" अनिरुद्धनं विचारलं. "ती बारीक पानं?"

"शेळ्या चरतात का तिथं?"

"कवा चरत्यात, कवा न्हाय," बिभीषण म्हणाला.

"चरल्यावर नवा फुटवा असा बारीक येतो. तुमचं नवीन झाड शेळीनं तयार केलंय."

अनिरुद्ध मटकन खाली बसला आणि हसायला लागला. चार महिन्यांचे काटे, कुंपण, आणि नोकरी, सगळं एका शेळीनं खाल्लेलं, आणि हा पोट धरून हसतोय. मीही त्याच्याशेजारी मातीत बसले. हसले का रडले ते आता आठवत नाही. दोन्ही झालं असावं.

अण्णांच्या तोंडावर रंग यायला बराच वेळ लागला. सगळ्यांत आधी त्यांनी "नक्की जुनं ना?" असं परत परत विचारून घेतलं. मग सदरा बदलला. मग दोन उंडे खाल्ले. ऊन कलायला लागलं तसा त्यांच्यातला अध्यक्ष जागा झाला. फ्लेक्सकडं बघत ते डॉक्टरांना म्हणाले, "आता सगळे ठीक आहोत. तर मग आता नवीन म्हणायला काय हरकत आहे?"

डॉक्टर आपल्या ग्लासात बघत बसले. उत्तर अनिरुद्धनं दिलं.

"हरकत आहे, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले. "मग तुमचं पुढल्या वर्षी बघू."

आम्ही मोटारसायकलवरून परत निघालो. गावाजवळ आल्यावर तो म्हणाला, "तुझंही नाव गेलं." मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि म्हटलं, "शेळीच्या उष्ट्या झाडाला माझं नाव? गाडी नीट चालवा." पण त्याच्या पाठीला ते खरं वाटलं नसावं. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, आणि हे त्याला सांगायला मला घरी पोचेपर्यंतही दम धरवला नाही. तिथंच सांगितलं, खड्ड्यांतून.

जूनमध्ये जागा भरली गेली. कृष्णराज नावाचा मुलगा आला. अण्णांचा भाचा, कोथिंबीर आणि मेथीतला फरक सांगता येतो एवढं नक्की. अनिरुद्ध तासिकेवर. भाद्रपदात तो पुन्हा डोंगरावर गेला, या वेळी कुंपण न घालता, आणि मार्गशीर्षात पुन्हा मूठभर फळं घेऊन आला. नुसती. हौस म्हणून. मी ती आंबिलीला घालते, आमटीला घालते. ओव्यापेक्षा सरस लागतात.

येळवशीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. अनिरुद्ध तासाला गेला होता, मी उचलला.

"वहिनी, शिवराज बोलतोय. सर आहेत का? एक लहानसं काम होतं. ते आंबिलीतलं बी थोडं मिळेल का? तारामती ऐकेना झालीय. म्हणते, परफेसरचा ववा आणल्याबिगर आंबीलच लावत न्हाय. शेजारच्या शेतातल्या बायका पण मागायला लागल्यात. बिभीषणला कुठं सापडेना."

गेल्या येळवशीपासून या माणसाचा आम्हाला हा पहिला फोन. परफेसरचा ववा. कॉलेजाला, वसतिगृहाला, पेट्रोल पंपाला आईचं नाव देणाऱ्या या माणसाच्या तोंडून, त्याच्याच शेतात, माझ्या नवऱ्याचं नाव येत होतं, आणि त्याच्या ते ध्यानातही आलेलं नव्हतं.

"देते की," मी म्हटलं. "पण अण्णा, कायमचं धरून चालू नका. हे तासिकेवर आहे. हंगामात डोंगर चढला तरच मिळतं."



"बिभीषणला पाठवतो," अण्णा म्हणाले.

"पाठवा. आणि अण्णा, डबी आठवणीनं परत करा. तिच्यावर माझं नाव आहे."